आष्टीच्या पोस्टातला बाक आणि शालूची दोन खाती

मी एक जुना बाक आहे. आष्टीच्या पोस्टाच्या ओसरीत, भिंतीला पाठ लावून उभा असतो. काही लोक मला बाकडं म्हणतात. मित्रांनो, ते मला बिलकुल आवडत नाही. बाकडं चहाच्या टपरीपुढं असतं आणि त्यावर कुणीही पाय वर घेऊन बसतं. माझी फळी सागाची आहे, पाय बाभळीचे आहेत आणि पाठ टेकायला मला चांगली रुंद पट्टी आहे. त्या पट्टीवर कुण्या शहाण्यानं खिळ्यानं बदाम कोरून ठेवलाय, त्याला मी काय करणार?

माझा जन्म जुन्या जालन्यातला. सोमेश्वर सुतारानं मला घडवलं. तो रंधा मारायचा, मग फळीवरून उलटा हात फिरवायचा आणि जरा कुठं खरखर लागली की पुन्हा रंधा मारायचा. त्याची बायको वैतागून म्हणाली, "एका बाकापायी किती येळ घालून राह्यले?" तर तो म्हणाला, "कापडाच्या दुकानात चाललाय तो. बसणाराचं धोतर अडकाया नको." त्याच्या त्या मेहनतीमुळं आजवर माझ्यावर कुणाचा कपडा फाटलेला नाही, हे मी जरा मोठ्या आवाजात सांगतो.

दुकान होतं राधेश्याम शेठचं. ठोक कापडाचं. खेडोपाडीचे दुकानदार यायचे, माझ्यावर बसायचे, चहा प्यायचे आणि भाव करायचे. मी तिथं आनंदात होतो. एका पावसाळ्यात शेठला नातू झाला आणि त्याच आठवड्यात दुकानातल्या कल्याणला मुलगा झाला. कल्याण गठ्ठे उचलायचा आणि कापड मोजायचा. शेठनं पेढे वाटले, कल्याणनं गूळखोबरं वाटलं, आणि दोघांचे चेहरे सारखेच खुलले होते. दुपारी गिऱ्हाईक कमी झाल्यावर शेठनं आपल्या मुलाला माझ्यावर बसवून सांगितलं, "पोराच्या नावानं आजच रक्कम टाकून ठेव. तो मोठा होईपर्यंत तिला हात लावायचा नाही." कल्याणच्या मुलाला शेठनं अंगड्याटोपड्याचं कापड दिलं, तेही चांगलं मऊ. शेठ मनानं वाईट नव्हता.

दोन्ही पोरं दुकानातच वाढली. माझ्यावरून उड्या मारायची, माझ्याखाली लपायची. कल्याणचा पोरगा हिशोबाला फार तरतरीत होता. शेठचा नातू त्याला विचारल्याशिवाय बेरीज पुरी करत नसे. दोघंही अठरा वर्षांचे झाले तेव्हा नावावरच्या त्या रकमेतून शेठच्या नातवानं शेजारचा गाळा घेतला, आणि त्या गाळ्यात कल्याणचा पोरगा कापड मोजायला लागला. कुणी कुणाचं काही हिसकावलं नव्हतं. तरी मला ते बघून वाईट वाटायचं, आणि बाकाला वाईट वाटलं तर तो सांगणार कुणाला?

पुढं दुकानात गाद्या आल्या, काचा आल्या आणि मी अडचण झालो. त्याच सुमारास आष्टीच्या पोस्टाला बसायला काहीतरी हवं होतं. सरकीच्या पेंडीच्या पोत्यांवर मला आडवं टाकून टेम्पोनं आष्टीला आणलं. माझी फळी कितीतरी दिवस पेंडीच्या वासानं दरवळत होती. बाजारच्या दिवशी गावातली म्हैस थेट पोस्टात शिरून मला चाटायची. पण पोस्ट मला मानवलं. इथं कुणी मनिऑर्डरची वाट बघत बसायचं, कुणी पोराच्या नोकरीच्या पत्राची. बसण्यावरून मला माणूस कळू लागला. ज्याच्याजवळ काही नाही तो माझ्या कडेवर टेकल्यासारखा बसतो, कुणी उठ म्हणेल या भीतीनं.

मग चांदपाशा मास्तर पोस्टात आले. उंच, किडकिडीत आणि बोलके. आल्या दिवशी त्यांनी आपल्या खांद्यावरच्या रुमालानं मला पुसलं आणि म्हणाले, "असा बाक तालुक्यात न्हाई." आता तालुक्यातले सगळे बाक त्यांनी पाहिले होते का, हे मी विचारलं नाही. चांगलं बोलणाऱ्याची चौकशी करू नये.

त्यांच्याच काळात सरकारची एक नवी योजना आली. लोक तिला बाळखातं म्हणायचे. साध्या घरात बाळ जन्मलं की त्याच्या नावानं पोस्टात खातं काढायचं आणि पहिली रक्कम सरकारनं टाकायची. अंगणवाडीच्या बाई लेकुरवाळ्यांना घेऊन आल्या तेव्हा मास्तर खिडकीमागून बाहेर येऊन समजावू लागले. "देखो, हे पैसे बाळाचे. बाळ अठरा वर्षांचं होईस्तोवर कुणालाबी काढता येणार न्हाई. बापाला न्हाई, आज्याला न्हाई. तुम्ही बी सणावाराला थोडे थोडे टाका. आन् एका लेकराला एकच खातं, बराबर?"

"मंग आमच्या काय कामाचे ते पैसे?" एका बाईनं विचारलं.

"तुमच्या कामाचे न्हाईतच," मास्तर हसून म्हणाले. "तीच तर गंमत हाय."

बायका हसल्या. मला मात्र कल्याणचा पोरगा आठवला. त्याच्या जन्माच्या वेळी असं काही असतं तर, असं वाटून गेलं. आणि या बायांच्या मांडीवरच्या लेकरांसाठी मला फार आनंद झाला.

आता ज्या गोष्टीसाठी एवढं बोललो ती सांगतो. आष्टीत उषाबाई नावाच्या आजी आहेत. घरची थोडी कपाशी, चार कोंबड्या आणि तोंड फटकळ. त्यांचा मुलगा वसंता, आणि सून मीना. मीनाचं माहेर घनसावंगीचं. आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी होतं, हे तुम्हाला माहीत आहे. तशी मीना घनसावंगीला गेली आणि तिथं शालूचा जन्म झाला. शालूचे तिकडचे आजोबा म्हणजे रामकिसन आबा. नात झाल्याचा त्यांना एवढा आनंद झाला, की पाळणा हलायच्या आधीच त्यांनी घनसावंगीच्या पोस्टात तिचं बाळखातं काढलं. बारशाला आष्टीची मंडळी बाळंतविडा घेऊन गेली. तेव्हा भर मांडवात आबा म्हणाले, "नातीचं खातं आमी काढलं. आमच्या लेकीच्या लेकराला आमीच बगनार."

झालं. उषाबाईंच्या ते जिव्हारी लागलं. बाळ पाळण्यासकट आष्टीला आलं आणि लगेच त्या शालूला कडेवर घेऊन पोस्टात हजर. मास्तरांनी नेहमीप्रमाणं विचारलं, "आजी, याच्या आधी कुठं खातं काढलेलं न्हाई ना?"

"न्हाई," आजी माझ्यावर बसल्या बसल्या ठणकावून म्हणाल्या. "आमच्या पोरीचं खातं दुसरं कोण काढनार?"

झालं, शालूचं दुसरं खातं निघालं. त्या दिवसांत पोस्टांची दप्तरं आपापल्या गावात असायची, इथलं तिथं कळायचं नाही. दर दसऱ्याला उषाबाई अंडी विकून साठवलेले पैसे घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "घ्या मास्तर. तिकडच्या आजोबापेक्षा आमी कमी न्हाई पडलो पायजे." मास्तरांना वाटायचं, आबा नातीला कपडे करत असतील. तिकडं आबाही उसाचं बिल आलं की खात्यात पैसे टाकत होते, हे मला फार उशिरा कळलं. दोघांनी एकमेकांच्या दारात जाणं सोडलं होतं. शालू उन्हाळ्यात तिकडं जायची, दिवाळीला इकडं असायची, आणि दोन्हीकडं लाड करून घ्यायची. तिला खात्यांचं काही ठाऊक नव्हतं.

मधल्या काळात माझे दिवस जरा फिरले. पोस्टात एका नळीला जोडलेल्या स्टीलच्या खुर्च्या आल्या आणि मला ओसरीत काढलं. ऊन, पाऊस, वर चिमण्या, खाली कुत्री. रुमालानं पुसणं बंद झालं. एका शेळीनं तर माझ्या पाठीच्या पट्टीला शिंगं घासून घेतली. मी चिडलो होतो, खोटं कशाला बोलू? पण थोड्याच वर्षांत खुर्च्यांचे नट सैल झाले. त्या करकर करायला लागल्या, आणि माणसं आपसूक ओसरीत येऊन माझ्यावर बसू लागली. मी मनातल्या मनात हसलो.

या वर्षी शालू अठरा वर्षांची झाली. बारावी झाली आणि जालन्याला रक्ततपासणीच्या कोर्सला तिचा नंबर लागला. उषाबाईंना साखरेचा त्रास आहे. रक्त तपासायचं म्हटलं की त्यांना परतूरची गाडी धरावी लागते आणि अर्धा दिवस जातो. शालूनं ते लहानपणापासून पाहिलं होतं. कोर्स करायचा, पुढं आष्टीतच लहानशी लॅब टाकायची, असं तिच्या मनात होतं. शनिवारपर्यंत फी भरायची होती. त्यासाठी हे खातं होतंच.

सोमवारी ती वसंताबरोबर आली. मास्तर आता पिकले होते, पण खिडकीवर तेच होते. त्यांनी संगणकात बघितलं आणि चष्मा काढून पुसला. आता सगळी पोस्टं एकमेकांना जोडलेली होती. शालूच्या नावाची दोन खाती समोर आली होती, आणि दोन असल्यामुळं दोन्हीतले पैसे अडकून पडले होते.

"दोन्ही पुस्तकं इथं माझ्यासमोर ठेवा," मास्तर म्हणाले. "एक खातं बंद होईल, मंग दुसऱ्यातनं पैसे निघतील. काम एका दिवसाचं हाय. पण पुस्तकं लागतील."

सोपं वाटतं ना? पण पुस्तकं होती कुणाजवळ? वसंता जीपनं घनसावंगीला गेला. आबा म्हणाले, "मी आधी खातं काढलं. माझं का म्हनून बंद करू? त्यांना हिकडं पाठवा." उषाबाई म्हणाल्या, "मी काय त्यांची ताबेदार हाय का, तिकडं जायला?" मंगळवार गेला, बुधवार गेला. शालू रोज येऊन माझ्यावर बसायची. कॉलेजचं पत्र उघडायची, वाचायची आणि पुन्हा घडी करायची. नंबर हुकला तर जागा दुसऱ्याला जाणार होती. एवढी हसरी पोर, पण माझ्या कडेवर टेकून बसायला लागली होती. मला तिच्याकडं बघवत नव्हतं.

गुरुवारी तिनं आबांना फोन केला. फार बोलली नाही. "आबा, परवा शेवटचा दिवस हाय," एवढंच म्हणाली. शुक्रवारी सकाळी पहिल्या जीपनं आबा आष्टीत उतरले.

उषाबाई आधीच येऊन माझ्या या टोकाला बसल्या होत्या. आबा त्या टोकाला बसले. मधे चार माणसं मावतील एवढी जागा. मीना आणि शालू खांबाजवळ उभ्या होत्या, आणि वसंता चपलेनं फरशी उकरत होता.

"आलात का?" उषाबाई समोर बघून म्हणाल्या.

"नातीसाठी आलो, विहीणबाई. तुमच्यासाठी न्हाई."

"मंग द्या पुस्तक आन् करा बंद. पोरगी आमच्या घरात वाढली."

"तेच तर भ्याव हाय मला." आबांचा आवाज चढला. "तुमच्या घरात गेलेलं पुन्हा कुठं दिसतंय? मीनाच्या पाटल्या दिल्त्या लग्नात. कुठं हायेत? हिरीवरच्या मोटारीत गेल्या!"

टपाल घ्यायला आलेला एक माणूस उगाच चपलेचा बंद बांधू लागला.

"गेल्या," उषाबाई म्हणाल्या. "झाड वाळून चाल्लं व्हतं. मोटार घेतली म्हनून कपाशी उभी राह्यली. त्याच पान्यावर तुमची लेक जेवती, व्याही. मी काय अंगावर घातल्या का त्या?"

"इचारलं व्हतं का मला?"

"तुम्हाला कशाला इचारायचं? तुमी दिल्त्या, आमच्या झाल्या!"

"त्या माझ्या व्हत्या," मीना म्हणाली.

ती कधी बोलत नाही. इतक्या वर्षांत माझ्यावर बसली असेल ती सासूबरोबर आणि तीही मुकाट्यानं. त्यामुळं आवाज कुणाचा आला ते दोघांनाही क्षणभर कळलं नाही.

"आबा, तुमी मला दिल्या तवा त्या माझ्या झाल्या. आत्याबाई, तुमी मोडल्या तवाबी माझ्याच व्हत्या. मोटार पायजे व्हती, मी न्हाई म्हनले नसते. पन मला कुनी इचारलंच न्हाई. हिकडं न्हाई, तिकडंबी न्हाई." तिनं शालूच्या खांद्यावर हात ठेवला. "आता हिचं तरी हिला इचारा. अठरा वरसं तुमी दोघं भांडून राह्यले, पन पैसे कुनाच्या नावाचे हायेत?"

आबा खाली बघू लागले. उषाबाईंनी पदर सारखा केला. मास्तर दारात येऊन उभे राहिले होते. ते म्हणाले, "बराबर बोलली पोरगी. शालूला अठरा पूर्ण झालेत. आता सही तिचीच लागती. तुमच्याकडून फकस्त पुस्तकं पायजेत."

सगळे शालूकडं बघू लागले. मला वाटलं, ती रडेल. पण तिनं विचारलं, "मास्तर, जुनं कुठलं हाय?"

"घनसावंगीचं."

"मंग त्यात पैसे जास्त वाढले असतील."

"बिलकुल."

"ते खातं आष्टीला आनता येतं का?"

"आत्ताच्या आत्ता."

"मंग घनसावंगीचं ठेवा आन् ते हिकडं आना. आजीचं बंद करा. चालंल ना?"

मित्रांनो, अठरा वर्षांचं भांडण, आणि ते मिटायला चहा गार होण्याएवढाही वेळ लागला नाही. दोघं म्हातारी एकमेकांकडं न बघता ओशाळून बसली होती. मला हसू आवरत नव्हतं, पण मी हललो असतो तर माझे बाभळीचे पाय कुरकुरले असते.

"माझे अंड्याचे पैसे?" उषाबाईंनी हळूच विचारलं.

"सरकारनं दुसऱ्यांदा टाकलेले परत सरकारकडं जातील," मास्तर म्हणाले. "तुमच्या अंड्यांचे सगळे शालूच्याच खात्यात येतील."

उषाबाईंनी पुस्तक काढलं. ते जाड मेणकापडाच्या पिशवीत होतं, कागदाला एक डाग नव्हता. देता देता त्या मास्तरांना म्हणाल्या, "तवा तुमी इचारलं आन् मी न्हाई म्हनले व्हते. घनसावंगीचं मला ठाऊक व्हतं."

"माझ्याबी ध्यानात आलं, आजी. सोमवारीच," मास्तर म्हणाले आणि आत गेले.

आबा सरकत सरकत माझ्या मधोमध आले. "विहीणबाई," ते म्हणाले, "साखर लई वाढली म्हनं तुमची?"

"वाढती अधनंमधनं."

"आमच्याकडं कारल्याचा येल हाय. पाठवून देतो."

"पाठवू नका," उषाबाई म्हणाल्या. "मीच येते न्यायला."

दुपारपर्यंत काम झालं. फीचे पैसे निघाले आणि बाकीचे लॅबसाठी खात्यातच राहिले. मास्तरांनी पुस्तक खिडकीतून बाहेर धरलं. ते घ्यायला एकदम दोन हात पुढं झाले, एक आबांचा आणि एक उषाबाईंचा. सवयच ती. शालू म्हणाली, "आबा, आजी, माझ्याजवळ राहू द्या ना." दोन्ही हात मागं आले. मग उषाबाईंनी ती मेणकापडाची पिशवी झटकली आणि तिच्या हातात दिली. "ह्याच्यात ठेव. पावसानं कागद खराब व्हतो."

फी भरायला सगळे उठून जालन्याच्या गाडीकडं निघाले. शालू पुढं, दोन्ही बाजूंना दोघं म्हातारी, मागं वसंता. मीना मात्र दोन पावलं जाऊन परत आली. खिडकीच्या गजाला धरून तिनं विचारलं, "मास्तर, मोठ्या मानसाचं खातं निघतं का? म्हंजे, माझ्या नावाचं?"

"बिलकुल निघतं," मास्तर म्हणाले. "बसा बाकावर. पाच मिनिटं लागतील."

ती बसली. चांगली मागं सरकून, माझ्या पट्टीला पाठ लावून. जालन्याची गाडी हॉर्न वाजवत होती आणि वसंता तिकडून हाका मारत होता. "येते म्हनावं," मीना तिथूनच म्हणाली, आणि उठली नाही.

मित्रांनो, माझं बाकी काही मागणं नाही. माझ्यावर खिळ्यानं काही कोरू नका आणि जमलं तर ओल्या छत्र्या माझ्यावर टेकवू नका. तुमच्या नावानं कुणी काही साठवून ठेवलं असेल तर ते नीट जपा, मोडायची घाई करू नका. आणि आज घरी गेल्यावर एक काम करा. तुमच्या आईजवळ बसा आणि तिला विचारा, "आई, तुझ्या नावाचं काय आहे?"